बिनकानाच्या सिंहाचा नवस

अयुथया, ५ मे, बुद्धसंवत २५३०

चि. रुंगथिवा हिस आजीचे, म्हणजे तुझ्या याय बुआलोयचे, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं, मग स्वतः अक्षर लावत तिसऱ्यांदा. नातीला जुन्या देवळांच्या खात्यात नोकरी. आनंदात तळणीतली केळी करपली, तीही गिऱ्हाइकांनी गोड मानली.

आता खरं सांगते. परीक्षेआधी मी पडक्या देवळातल्या सिंहांच्या मूर्तींपैकी आपल्या बिनकानाच्या सिंहाला नवस बोलले. उकडलेली अंडी त्याला सगळेच देतात, भाड्याने आणलेल्या नर्तकींचा नाचही रोजचाच. म्हणून म्हटलं, पोरगी पास झाली तर स्वतः तुझ्यापुढे नाचेल. त्याचे दोन्ही कान तुटलेले, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. आता अख्खा बाजार विचारतो, कधी येतेय. नवस राहिला तर दिलेलं परत घेतो तो. हार विकणाऱ्या माळावालीची हरवलेली म्हैस नवसाने सापडली, बाईने अंडी दिली नाहीत, म्हैस पुन्हा गेली. लवकर ये.

तुझी याय

बँकॉक, ११ मे

ती. यायस रुंगचा सा. न. वि. वि.

काय करून बसलीस, याय. शाळेच्या नाचात मी मास्तरणीच्या अंगावर पडले होते, हे तूच गल्लीभर सांगतेस. त्यात माझं पहिलंच काम म्हणजे त्याच सिंहांच्या भेगा मोजणं आणि पाटी लावणं: अंडी, हार, नाच यांना मनाई. खाली सही माझी. खात्याच्या साहेबांसमोर नाचले तर सिंहाआधी तेच नोकरी परत घेतील. साहेब आणि मी सोमवारी येतोय. कृपा करून बाजार गोळा करू नकोस.

तुझी लाडकी रुंग

अयुथया, २१ मे

चि. रुंगला उदंड आशीर्वाद.

तू घाईने आगगाडी गाठलीस, म्हणून लिहिते. बाजार मी गोळा केला नाही, तो आपणहून आला. पाटी मी अक्षर लावत वाचली, नाचाला मनाई. मग तू मोजायची फीत घेऊन सिंहाकडे वळलीस. एक हात शेपटाशी, एक नाकाशी, चवड्यांवर उभी, मग गुडघ्यात वाकून, मान तिरकी करून सावकाश फेरी. त्यात लाल मुंग्या चावल्या, तेव्हा पायही भराभर पडले. मुंग्या त्यानेच पाठवल्या असणार. मी सिंहाला ओरडून सांगितलं, हाच तो नाच, पदरात घे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी लांबून येऊन टाळ्यांचं कारण विचारलं, तर माळावाली म्हणाली, मोजमाप फार सुरेख चाललंय. साहेब खूश झाले.

नवस फिटला. आता तुझ्या लग्नाचंही त्याला सांगितलंय. तू रागावशील म्हणून या खेपेला कुजबुजले. महिनाभरात काही हालचाल दिसली नाही, तर नेहमीच्या आवाजात सांगेन. म्हातारीवर माया ठेव, आणि नाचाचा सराव सोडू नकोस.

तुझी याय