विकायचा नसलेला बैल

सिहोरा,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

वीरेंद्रदादा,

नमस्कार. वर 'तीर्थस्वरूप' लिहायची रीत आईने घोकून घेतली होती, पण आज हात वळला नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. वहिनी मजेत असेल. इकडे उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे. बाबांचे गुडघे दुखतात, तरी बांधावर जाऊन बसतात. कपिली गाय व्याली, गोऱ्हा झाला.

परवा सुंदरआत्या येऊन गेली. वीरू भंडाऱ्याला नेमकं करते काय, असं विचारत होती. मी सांगितलं की ताकदीचे कॉम्प्युटर घरात मांडायचे आणि इंटरनेटवर जगभरच्या लोकांच्या तशाच यंत्रांशी जोडायचे. कुणाला मोठं काम असलं की तो तासाच्या भाड्याने घेतो. वर मालक कोणी नाही. ज्याने त्याने आपला भाव लावायचा, तो सगळ्यांना दिसतो, आणि गिऱ्हाईक स्वस्त नि भरवशाचं बघून जातं.

"मंजे बैल भाड्यानं देनं," आत्या म्हणाली.

तसंच आहे ते. बाबांनी जन्मभर बैलबाजारात दलाली केली. दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव कसा सांगायचा हे त्यांनी आपल्या दोघांनाही शिकवलं. तू बोटं शिकलास, मी भाव शिकले. आपल्या घरी मागच्या खोलीत यंत्रं बसवली तेव्हा भाव मीच लावत होते. यंत्र वीज किती खातं, कुठल्या वेळी गिऱ्हाईक येतं, कधी एक बोट उतरायचं, कधी गप्प बसायचं, हे सगळं माझं. खातं मात्र तुझ्या नावावर. पोरीचं लग्न झालं की नाव बदलते, कशाला झंझट, असं तू म्हणालास आणि मला ते पटलंही. त्या खात्यावर गिऱ्हाइकांनी दिलेल्या चांगल्या शेऱ्यांतला एक एक मी मिळवला होता.

मग तू ते सगळं उचलून नेलंस. पंखा बिघडलेलं एक यंत्र तेवढं ठेवलंस, जशी भाकड गाय भावकीला सोडतात. लोकांना सांगितलंस, "रिताले धंद्यातलं काय समजते."

त्याचंही मला एवढं लागलं नसतं. पण ते नंतर लिहिते.

पंखा मी बदलला. माझ्या नावाने नवं खातं उघडून ते एकच यंत्र भाड्याला लावलं. भाव टाकला आणि बघते तर घटकाभरात तुझा भाव माझ्या एक बोट खाली. मी उतरवला, तू उतरलास. चढवला, तू चढलास. मग लक्षात आलं, तू प्रोग्राम लावून ठेवला आहेस. रिता जो भाव लावेल त्याच्या थोडं खाली राहायचं. किती खाली जायचं, त्याला तळ मात्र घातला नव्हतास. रिता तोट्याचा भाव लावणार नाही, याची तुला खात्री होती. जिला काही समजत नाही, तिच्याच भावावर तू डोळे मिटून चाललास. मला हसू आलं, दादा. बऱ्याच महिन्यांनी आलं.

बाबा बाजारात कधी कधी एक बैल नुसता बांधून ठेवायचे. विकायचा नाही, फक्त त्याचा भाव पाडून बोलायचा. शेजारचा नवखा दलाल घाबरून आपलाही भाव पाडायचा. बाबा तुला सांगायचे, "इकाचाच नाही त्या बैलाच्या भावामागं कायले धावतं रे, वीरू?" तू तेव्हा भजी खात असायचास.

माझं यंत्र म्हणजे तो बैल. रोज थोडा थोडा भाव उतरवत गेले. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही, कारण खाली तू होतास. विजेच्या खर्चाच्याही खाली गेलास, तेव्हा एका गिऱ्हाइकाने तुझी सगळी यंत्रं त्याच भावाने, थेट पोळ्यापर्यंत बांधून घेतली. तू खूश झाला असशील. अजून विजेचं बिल हातात पडलं नसेल. मध्ये वैशाख आहे, कूलर लावावे लागतील. करार मोडलास तर खात्यावर बेभरवशाचा असा शिक्का बसेल आणि मी मिळवलेले सगळे शेरे मातीत जातील. जाऊ दे, मला त्यांचा मोह उरला नाही.

ते गिऱ्हाईक मी आहे.

यंत्रांवर काय काम चालतं हे तुला दिसत नाही, म्हणून सांगते. नागपूरच्या दवाखान्यात आई होती तेव्हा तू फोनवर म्हणालास, "उद्या येतो." दुसऱ्या दिवशी ती सारखी दाराकडे बघत होती. तिचा आवाज मी तुला पाठवायला म्हणून फोनमध्ये भरून घेतला. पाठवलाही. तू तो आजवर उघडला नाहीस. संध्याकाळी ती गेली. तू घाटावर आलास, सगळ्यांत मोठ्याने रडलास. तेराव्याला आत्याच्या तोंडून निघून गेलं की आई गेली त्याच दिवशी घरासमोर टेम्पो लागला होता आणि तू यंत्रं चढवत होतास. घरात कोणी नाही, हे बघूनच तू दिवस निवडलास. हे मी तुला माफ करणार नाही.

त्या आवाजात वॉर्डातला गोंधळ फार होता. तुझी यंत्रं तो गाळून आवाज साफ करत आहेत. काम पहिल्याच दुपारी झालं. पण करार पोळ्यापर्यंतचा आहे, म्हणून तेच काम पुन्हा पुन्हा लावून ठेवलं आहे. तुझ्या विजेवर, तुझ्या घरात, आई सारखी विचारते आहे, "वीरू आला का वं?"

साफ झालेला आवाज मेमरी कार्डात भरून सोबत ठेवला आहे. यंत्रं बंद करायची तर बटण तुझ्याच हाताशी आहे, मी अडवायला येत नाही. फक्त कोणाचा आवाज बंद करतो आहेस, ते ठाऊक असू दे.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. आईलाही ते मिळालं नव्हतं.

चंद्रकलाबाईंची लेक,
रिता