अकरा गैरहजर

प्रिय धाकट्या,

परवा तू अभिनंदनाचा फोन केलास आणि मी "वर्गात आहे" म्हणून ठेवून दिला. रविवार होता, हे तुझ्याही लक्षात आलं असणार. रागावला असशील तर थोडा राग शिल्लक ठेव, पुढे लागेल.

तुमच्या शिक्षण कार्यालयाने काढलेला शाळांच्या क्रमवारीचा तो तक्ता आता आमच्या शिक्षकखोलीत काचेच्या फ्रेममध्ये लागलाय. गेल्या वर्षी एकतिसाव्या नंबरवर असलेली आमची सहावी ते आठवीची सरकारी शाळा यंदा नवव्या नंबरवर, आणि खाली सही तुझी. मुख्याध्यापक येता-जाता फ्रेम सरळ आहे ना ते बघतात. ती सरळच असते. माझं मात्र त्या कागदाकडे नजर गेली की डोकं उठतं.

तुमच्या कागदांनी तसाही माझा जीव खाल्लाय. दर वर्षी तो मुलांच्या माहितीचा फॉर्म येतो. घरची भाषा कोणती, पालक काय करतात, किती शिकलेत, या शहरात किती वर्षं. प्रत्येक प्रश्नाला चार चौकटी, आणि माझ्या वर्गातल्या मुलांची घरं त्या चौकटींत काही केल्या मावत नाहीत. एकाचे वडील दिवसा रंगारी आणि संध्याकाळी पहारेकरी. एक मुलगी आजीकडे राहते. आजीला पालक धरायचं की नाही हे विचारायला मी तुमच्याकडे तीनदा फोन केला, तिघांनी तीन उत्तरं दिली, आणि त्यातला एक तू होतास. शेवटी मी वैतागून शेवटच्या चौकटीत, 'इतर'वर, खूण करते आणि मोकळी होते.

सातवीच्या माझ्या वर्गात नोव्हेंबरमध्ये एक मुलगी आली. वडील इमारतींत लाद्या बसवतात, काम जाईल तिकडे बिऱ्हाड जातं. ही तिची चौथी शाळा. आपली भाषा ती अडखळत वाचते, पण वाद घालायचा तर तिला भाषा आड येत नाही. एकदा मी तिचं उत्तर चूक ठरवलं, तर फळ्यावर येऊन तिने ते दोन रीतींनी बरोबर करून दाखवलं आणि खडू माझ्या हातात परत दिला. तेव्हापासून मुलं तिला वकीलबाई म्हणतात. पहिल्या चाचणीत तिला पन्नासपैकी सहा मिळाले होते. तेव्हा तिला प्रश्नच वाचता येत नव्हते, पण वहीत सहा म्हणजे सहा.

मार्चमध्ये तुमची वार्षिक परीक्षा आली, जिच्या सरासरीवर शाळांचे नंबर लागतात. गैरहजर मुलं सरासरीत धरायची नाहीत, हा नियम तुमचाच. आठवडाभर आधी मुख्याध्यापकांनी आम्हाला बसवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी कुणाचं पोट दुखलं, तर जबरदस्ती करू नका." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गणित तुमचं. कोण अडचणीत येईल ते तुम्हालाच ठाऊक."

इथून पुढे जरा सावकाश वाच. यादी मी केली. कुणी माझा हात धरला नव्हता. घरी जेवणाच्या टेबलावर गुणांची वही उघडली, पट्टी लावली आणि अर्ध्या तासात अकरा नावं काढली. बाराव्यावर थांबले, कारण बारा म्हणजे डोळ्यावर आलं असतं. फोनही मीच केले, "उद्या नाही पाठवलंत तरी चालेल." का, असं कुणीच विचारलं नाही. एका वडिलांनी तर माझे आभार मानले.

यादीतली वकीलबाई मात्र परीक्षेला आली. तिच्या आईला माझं बोलणं नीट कळलं नव्हतं. दारातच तिला म्हटलं, तुझं पोट दुखत असेल ना. ती म्हणाली, "नाही बाई, माझं पोट दुखत नाही." मी तिला वाचनालयात पुस्तकं लावायला पाठवलं. परीक्षा संपल्यावर गेले, तर पुस्तकं लागली होती आणि ती पायरीवर बसली होती. "पेपर तरी बघू का?" म्हणाली. उरलेला एक दिला. तिने तो तिथेच सोडवला, मी घड्याळ लावून समोर बसले. पन्नासपैकी एकतीस. वर्गाची सरासरी एकोणतीस.

पण धाकट्या, तिला सात मिळाले असते तरी ते तिचे होते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुमचे फॉर्म काढून बसले. अकराच्या अकरा मुलांपुढे खूण एकाच चौकटीत होती, शेवटच्या, 'इतर'च्या. यादी करताना मी तो रकाना पाहिला नव्हता, शपथेवर सांगते. पाहायची गरजच पडली नाही, आणि मला झोंबतंय ते हेच.

काल मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. नंबर वर गेला म्हणून दोन वर्गांचं छत दुरुस्त होणार आहे, हेही खरं. म्हणाले, "बाई, निवृत्तीला पाच वर्षं उरलीत तुमच्या." म्हटलं, मला मोजता येतं. मग वर्गात जाऊन त्या अकरा जणांची माफी मागितली. सगळे खाली बघत राहिले. एकटी वकीलबाई म्हणाली, "मग आता आमचे मार्क धरणार का?" ते ठरवणं माझ्या हातात नाही, तुमच्या कार्यालयाच्या आहे.

म्हणून हे पत्र. आज सकाळी मी तुमच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यात यादी आहे, माझी सही आहे, आणि त्या अकरांची परीक्षा पुन्हा घ्यावी अशी मागणी आहे. दोन दिवसांत तो तुझ्या टेबलावर येईल, तुझ्या सहीचा तक्ता खोटा ठरवत. तू ताईला वाचवायला बघशील, लहानपणापासूनची तुझी खोड आहे ती. तो गठ्ठ्याखाली सरकवू नकोस. माझं जे व्हायचं ते होईल. परीक्षा घ्यायला माणूस पाठव, कुठल्याही दिवशी पाठव. त्या परीक्षेनंतर शाळा सुटल्यावर मी त्यांना रोज तासभर शिकवते आहे, आणि अजून एकानेही दांडी मारलेली नाही.

तुझीच,
ताई