माझ्या वेणीचा ब्रश आणि वाकाबाची खुर्ची

मी चिनात्सु मियाहारा, राहणार किसो-हिरासावा, शुहेईची बायको, वाकाबाची आई. डोकं आज तरी ठिकाणावर आहे. गुरुवारी डॉक्टर तेच उघडणार आहेत, म्हणून आधीच लिहून ठेवते. कुणी जबरदस्ती केलेली नाही. भीती मात्र खूप वाटते. मी फार शिकले नाही, चुका काढू नका.

एक. घर सासूबाईंचं आहे, त्यात मी बोलणार नाही. पोस्टातले पैसे वाकाबाचे. शुहेई, काम कितीही अडलं तरी त्यातून लाकडाला लावायचा उरुशी झाडाचा चीक आणायचा नाही.

दोन. चीक लावलेल्या वस्तू ठेवायचं ओलं कपाट रोज ओल्या फडक्यानं पुसायचं काम आता शुहेईचं. झाडाचा हा चीक उन्हात वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो. लग्न होऊन आले तेव्हा मला खरंच वाटेना. अजूनही कपाट उघडताना अंगावर काटा येतो. फिनलंडची काइसा तिनं बनवलेल्या खुर्च्यांना चीक लावून घ्यायला आली, तेव्हा तिनं ओली खुर्ची उचलून अंगणात नेली. सासूबाई ओरडल्या, "अगं, ती काय खारातली उमेची फळं आहेत, उन्हात घालायला?"

तीन. माझी वेणी. ऑपरेशनला डोकं भादरणार, म्हणून आज सासूबाईंकडून कापून घेतली. "केस आहेत, अक्कल नाही," असं त्या मला कायम म्हणायच्या. आज कात्री धरवेना त्यांना. माझा लाल कंगवा त्यांना द्यावा.

वेणी शेजारच्या तोकुजी आजोबांना द्यावी. ते चीक लावायचे ब्रश करतात, बायकांच्या केसांचेच. शुहेईबरोबर मला बघायला आले तेव्हा त्याच्या आधी तेच म्हणाले, "पोरीचा चेहरा नंतर बघ, केस बघ!" केस सपाट चिकटवून लाकडी पट्ट्यांत कोंडतात, पेन्सिलीत शिसं असतं तसे, पार शेवटपर्यंत. टोक झिजलं की लाकूड तासायचं, आतून नवे केस निघतात. आजोबांच्या आईच्या केसांचा ब्रश अजून चालतो. तो मी हातात धरला होता.

चार. काइसा म्हणाली, "तुझा ब्रश काचेच्या पेटीत ठेवू, आमच्याकडच्या लोकांना दाखवू."

मी म्हटलं, "काचेत ठेवलं तर मी खरंच मेले ना गं!"

ती रडली. तिच्यावर राग नाही, पण ब्रश काचेत जाणार नाही.

पाच. तिनं वाकाबासाठी बर्चच्या लाकडाची छोटी खुर्ची केलीय. ती कोरीच आहे. माझ्या ब्रशचा पहिला हात तिच्यावर फिरवायचा, चीक पातळ, लाकडाच्या रेषा दिसतील असा. मी परत आले तर मीच फिरवीन, टकलानं. नाही आले तर शुहेईनं वाकाबाचा हात धरून फिरवावा. तिला हे काम पुढे करायचं नसेल तर करू नये. सासूबाई, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

सहा. वाकाबाला मी आठवणार नाही, ती फार लहान आहे. म्हणून ब्रश झिजला तर "आई संपली" असं तिला कुणी सांगू नका. लाकूड तासा. तिला आत बघू द्या.

हे सगळं माझ्या हातचं आहे. खाली सहीच्या जागी माझा शिक्का.

चिनात्सु मियाहारा
किसो-हिरासावा, १४ ऑक्टोबर २०२५

समोर बसून वाचलं: तोकुजी हानामुरा, ब्रशवाले. (वेणी मिळाली. केस उत्तम आहेत. पोरी, घाई करू नकोस, ब्रशला वेळ लागतो.)
काइसा र्‍याइसानेन