स्प्रिंग दबत नाही

बापाची पाठ दुखते म्हणून राजरत्ननं त्याच्या सायकलला सीटखाली स्प्रिंगचा दांडा बसवला होता, बापाचं, पोपटचं, भक्कम वजन पेलेल असा कडक. आज तळेघरहून एसटी धरण्याआधी पोपटनं सायकलवर बसून पाहिलं आणि लेकासाठी सीटला चिठ्ठी अडकवली.

"राजू, दांडा पुसून ग्रीस लावलंय. तू दोनदा स्प्रिंग सैल केलीस, तरी ती माझ्याखाली दबत न्हाई. आता सैल करायला आटेच उरलं न्हाईत. दोष स्प्रिंगचा न्हाई, मीच वाळत चाललोय. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला निघालोय. आईला सांगितलंय, आळे गावाला लग्न हाय. तू बी तेच सांग. सायकल तू वापर, पण आधी स्प्रिंग तुझ्या वजनापरमानं आवळून घे."

पोपट अंगणाबाहेर पडला तेव्हा बायकोनं, जानकाबाईनं, दारातून हाक मारली, "अवं, लग्नात पोटभर जेवा. लई उतरलाय तुमी."