कावळ्यासमोर दिलेला शब्द

प्रिय अण्णा,

सोमवारी सकाळी आठ वाजता मला चाकणच्या एका कंपनीत हजर व्हायचंय. तात्याकाकांनी लावून दिलेली नोकरी, स्टोअरमध्ये. आज शनिवार. विचारायला तुम्ही नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्या दहाव्याला चिंचवडच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. आईला अंतर देणार नाही, म्हणालो. कावळा झाडावरच. ताईचं बाळंतपण नीट करीन, म्हणालो. तरी हलेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. भुतांच्या गोष्टी लिहितो आणि याला बापाच्या मनातलं कळेना! शेवटी काका कानाशी आले. "भुतंबितं सोडतो म्हण. कामाला लागतो म्हण. त्याचा जीव त्यातच आडकलाय, दुसरं काय न्हाई."

मी म्हणालो. आणि कावळा आला, अण्णा. लगेच आला.

दहा वर्षं भुतांची कॉमिक्स लिहितोय, पण भुतावर माझा कधी विश्वास नव्हता. आता गॅलरीत कावळा ओरडला तरी हात थांबतो. पहिलंच स्वतंत्र पुस्तक अर्ध्यावर अडकलंय. चित्रकार पुढची पानं मागतो, मी फोन उचलत नाही.

तुम्हाला खरंच हेच हवं होतं का? भुतं लिहून पोट भरतं का, असं तुम्ही म्हणायचात, मान्य. पण दिवाळी अंकातली माझी, तुमच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनवरच्या भुताची गोष्ट वाचून तुम्हीच मला बसवून घेतलंत. मशीन असं चालत नाही, म्हणालात, आणि ताट बाजूला सारून वहीत काढून दाखवलंत. पोराने लिहिणं सोडावं असं वाटणारा माणूस एवढं कशाला करेल? की मी आपला सोयीचा अर्थ काढतोय? एकदा स्पष्ट बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

काल आईला विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांना काय हवं होतं ते मला चाळीस वर्षांत कळलं नाही. कावळ्याला बरं कळलं!"

अण्णा, सोमवारी मी जाणार नाही. काकांना उद्या तळेगावला जाऊन तोंडावर सांगेन. घाटावरचा शब्द मोडतोय, आणि भीत भीतच मोडतोय. पुस्तक मात्र पुरं करीन, आणि आईला अंतर देणार नाही, कावळ्याला ते पुरेसं वाटलं नसलं तरी.

रागावला असाल तर या. भूत होऊन आलात तरी चालेल, मी दार उघडीन. तेवढीच भेट होईल.

तुमचा,
विनू