ओटीपी आणि घरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. अवसरी खुर्द, होस्टेल.

शिष्यवृत्तीचा फॉर्म गेला एकदाचा. उद्या मुदत संपत होती. तरी डोक्यात तेच घोळतंय. ते नाव मी इतक्या मोठ्यानं का बोलले?

माझ्या आधारला नंबर दादांचा, म्हणजे वडिलांचा. त्यामुळे ओटीपी गेला पारगावला, त्यांच्या मोबाईलवर. सायबर कॅफेतून फोन लावला तर म्हणाले, "ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाई. बँकेतल्या मॅडमनी बजावलंय."

"दादा, मी शीतल बोलतीये."

"आसंच म्हणत्यात सगळी. आता आवाजबी काढत्यात."

यात पहिला ओटीपी वाया गेला. मागं रांगेत वर्गातलीच पोरं. दुसरा आला तेव्हा दादा म्हणाले, "घरात तुला काय म्हणतो आमी, ते सांग."

भिकी. माझ्या आधीचं मूल गेलं, म्हणून मला दृष्ट लागू नये यासाठी आत्यानं ठेवलेलं नाव. कॉलेजात कुणालाच माहीत नाही. आणि सांगायचं कुठं, तर सरकारकडं पैसे मागायच्या रांगेत. मी हळूच सांगितलं. तिकडं उसाचा ट्रॅक्टर चाललेला.

"ऐकू येईना, मोठ्यानं बोल."

बोलले. सगळ्या कॅफेला ऐकू गेलं.

"आता पटलं," म्हणाले, आणि एकेक आकडा सावकाश सांगितला.

कुणी हसलं का? मी मागं वळून बघितलंच नाही.

सगळे दाखले जोडले होते मी. पण काम झालं ते, ज्याचा कुठंच दाखला नाही, त्या नावावर.