आठवी 'अ'ची सरासरी

सोमवार, ८ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, माझी निवड केली. आठवीला 'भावनांचा तास' सुरू होतोय. 'ब' वर्ग चित्रकलेच्या बाई घेणार, 'अ' मी. गणिताच्या मास्तरकडे भावना दिल्या म्हणून स्टाफरूममध्ये काहींना हसू आवरेना. हसू देत. भावनांना शिस्त लावायची तर गणिताचाच माणूस हवा. मार्चमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय, हे माझ्या मनातसुद्धा नाही.

पद्धत अशी: हजेरीला मुलांनी 'हजर' म्हणायचं नाही. आज मन कसं आहे, त्याचा आकडा सांगायचा. एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे अगदी मजेत. मोठ्या बाईंनी बजावलंय, की आकडे लिहून ठेवायचे नाहीत. एक-दोन म्हणणाऱ्याजवळ सुट्टीत जाऊन बसायचं आणि ऐकायचं. मनातलं बोलता आलं, दुसऱ्याचं ऐकता आलं, की मुलं अभ्यासातही रमतात म्हणे.

लिहायचाच नाही तर आकडा कशाला?

संकल्प: वर्गात आवाज चढवायचा नाही. चहा दोनच. शिकवताना येरझाऱ्या बंद.

मंगळवार, ९ सप्टेंबर
पहिली हजेरी. मुलं चाळीस. सरासरी ३.२५. वहीत लिहिली नाही. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने मांडली, ते वेगळं.

आमची लेक याच वर्गात आहे. शाळेत मी सर, घरी बाबा. तिने चक्क 'दोन' म्हटलं. सरांची मुलगी आणि दोन! लोक काय म्हणतील? सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसणारच होतो, पण सरासरीचा आलेख काढायचा होता. त्यात सुट्टी संपली.

घरी विचारलं, दोन का? तर म्हणे, तुम्ही सर म्हणून विचारताय की बाबा म्हणून? मी म्हटलं, दोन्ही, तेवढाच वेळ वाचतो. मग ती दप्तर उचलून आत गेली. हे वयच विचित्र.

चहा चार. पहिला दिवस होता.

गुरुवार, ११ सप्टेंबर
'ब' वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून त्यांची हजेरी ऐकली. सरासरी ३.१! चित्रकलेच्या बाईंना लगेच सांगितलं. म्हणाल्या, असेल. असेल?

सुट्टीत त्या जिन्यावर एका मुलाशेजारी बसून डबा खात होत्या. तो रोज 'एक' म्हणायचा, आज त्याने कारण सांगितलं, म्हणून खुशीत होत्या. मी विचारलं, मग आता आकडा किती? म्हणाल्या, अजून एकच आहे. मी कपाळाला हात लावला.

सोमवार, १५ सप्टेंबर
वर्गाची नाडी हाताला लागली! जेवताना लेक आपण होऊन बोलली. तिची जिवलग मैत्रीण, जिचं तोंड कधी बंद नसतं म्हणून वर्ग जिला 'रेडिओ' म्हणतो, ती शाळेच्या बाथरूममध्ये रडते. तिची आई घर सोडून वेगळी राहायला गेलीय. मैत्रीण रडते म्हणून हिलाही 'दोन'. कुणाला सांगू नका, म्हणाली. मी शब्द दिला.

म्हणजे गणित सोपं आहे. रेडिओचा आकडा वाढला की लेकीचा आपोआप वाढेल. विचारांनी डोकं नुसतं भणभणतंय. अंगणात बऱ्याच येरझाऱ्या. घरच्या येरझाऱ्या संकल्पात नव्हत्या.

मंगळवार, १६ सप्टेंबर
ऐतिहासिक तास. वर्गाला रेडिओची सगळी हकीकत सांगितली आणि तिला धीर यावा म्हणून सर्वांना उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. रेडिओ वर्गाबाहेर पळाली. भावना अनावर झाल्या असणार. शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की सरांना कसं कळलं? सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने बाकावर डोकं टेकलं.

शब्द दिला होता हे खरं. पण तो घरी बाबांनी दिला होता. शाळेत मी सर असतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
लेक 'एक'वर घसरली. कुठे माशी शिंकली कळत नाही. हल्ली शेवटच्या बाकावर एकटीच बसते. मला वाटलं, लक्ष लागावं म्हणून.

बायको औषधांच्या दुकानात असते, तिला घरी यायला उशीर होतो. तरी आज आल्या आल्या लेकीचा डबा उघडून माझ्यासमोर धरला. भरलेला. रोज असाच येतो, म्हणाली. तिच्याशी वर्गात कुणी बोलत नाही, सगळे तिला चहाडखोर म्हणतात, आणि हे तुमच्यामुळे. मी म्हटलं, एकूण वर्गाचा कल वर जातोय, आलेख दाखवू का? त्यावर ती जे बोलली ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही.

कुणीच मला समजून घेत नाही. संकल्प: दीर्घ श्वसन. उद्यापासून.

मंगळवार, २३ सप्टेंबर
शुक्रवारी शिक्षण खात्याच्या एक बाई तास बघायला येणार. तारांबळ. आलेख रंगीत केला, मग रंग भडक वाटले, परत काढला. सरासरीचं लक्ष्य: पाच.

काल वर्गात जाहीर केलं, की पाचाच्या खाली आकडा सांगणाऱ्याला दहा गणितं जास्त. आज सरासरी थेट ४.९! एका रात्रीत! मुलांची मनं बदलायला वर्षं लागतात असं कोण म्हणतं? रेडिओसुद्धा पाच. हल्ली ती तोंडातून शब्द काढत नाही, पण पाच. वर्ग कसा शांत आहे.

घोडं अडलंय एका ठिकाणी. घरी लेकीला गोडीत समजावलं, शुक्रवारपुरतं तरी पाच म्हण. ती म्हणाली, मग मला खरंच पाच वाटेल तेव्हा काय म्हणू?

प्रश्न चांगला आहे. आवाज थोडा चढला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
हजेरी पाढ्यासारखी झाली. पाच, पाच, पाच. मग शेवटच्या बाकावरून, एक.

पाहुण्या बाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तास संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. आलेखाकडे ढुंकून पाहिलं नाही. मी तो दोनदा हलवून त्यांच्या समोर येईल असा लावला, तरी नाही. जाताना विचारलं, सर, तुम्ही किती मुलांशी बोललात? मी म्हटलं, बोलण्याची गरजच उरलेली नाही, हेच तर यश! मोठ्या बाईंनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मला तहान नव्हती.

सोमवार, २९ सप्टेंबर
मोठ्या बाईंनी बोलावलं. पर्यवेक्षकाचं असेल म्हणून केस नीट करून गेलो.

लेक स्वतः त्यांच्याकडे गेली होती. मला 'ब' वर्गात बदली हवी, म्हणाली. रडली नाही, कुणाची तक्रार केली नाही. काय होतंय, का होतंय, नीट सांगितलं. बाई म्हणाल्या, मनातलं इतकं स्पष्ट सांगणारी मुलं कमी बघितलीत. मी म्हटलं, बघा, तासाचा परिणाम दिसतोय. त्यावर त्यांनी बदलीचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. मग पालक म्हणून सही मागितली.

सही केली. पेन दोनदा अडखळलं. शाई संपत आली असावी.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
आज सरासरी पाच. पूर्ण पाच, दशांश चिन्हसुद्धा नाही. मुलं एकोणचाळीस.

आकडा फळ्यावर मांडून वळलो. टाळ्या वाजवा म्हटलं, वाजवल्या. थांबा म्हटलं, थांबल्या. भिंतीपलीकडे 'ब' वर्ग कशावर तरी खो खो हसत होता. त्यात लेकीचा आवाज ओळखू आला. तो आवाज किती दिवसांनी ऐकला, हेच आठवेना. फार वाईट वाटलं. किती, ते एक ते पाचात बसेना.

संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. आकडा विचारायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं पक्कं ठरवलं होतं. ती डबा धूत होती. मी म्हटलं, आज खूप हसत होतात, काय झालं होतं?

ती जराही रागावली नाही. शांतपणे म्हणाली, की नव्या वर्गाने तिला बाकावर जागा दिली ती एकाच अटीवर. इथलं काहीही बाबांना सांगायचं नाही. आणि तिने तसा शब्द दिलाय.

शब्द दिलाय म्हटल्यावर मी काय बोलणार?